बोलक्या डबीने ऐकलेलं नाव

मित्रांनो, मला कुणी जुनी म्हटलेलं खपत नाही, पण तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? आमच्या कुळात पाच-सहा वर्षं झाली की म्हातारपणच म्हणायचं. माझ्या अंगावरचं करडं कापड विटलं आहे आणि एका बाजूला हळदीचा डाग पडला आहे, असं लोक म्हणतात. मला काही ते दिसत नाही, कारण मला डोळेच नाहीत. मला आहेत ते कान आणि एक आवाज, तोही आताशा चिरकतो. जयपूरच्या दुर्गापुऱ्यात, सबनीसांच्या स्वयंपाकघरात, ओट्याजवळच्या फळीवर माझा मुक्काम असतो. एका बाजूला पोह्यांचा डबा, दुसऱ्या बाजूला मिसळणाचा डबा. कंपनीने मोठ्या हौसेने माझं नाव 'मैना' ठेवलं होतं. पण या घरात माझं दुसरं बारसं झालं आणि रमाआजींनी मला 'डबी' करून टाकलं. बोलकी डबी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कोणत्या गावात, ते काही सांगता येत नाही. एवढं आठवतं, की एका मुलीने मला विचारलं, "आज मौसम कैसा है?" आणि मी न अडखळता उत्तर दिलं, म्हणून मला पास केलं. मग खोका, मग पुष्कळ दिवसांचा अंधार. खोका उघडला तेव्हा पहिला आवाज ऐकला तो ऋचाचा. ऋचा म्हणजे सबनीसांची नात. तिचे आईवडील नोकरीपायी भोपाळला, आणि ही जयपुरात एका संगणकाच्या कंपनीत. आजी-आजोबांजवळ राहते, सकाळी जाते, संध्याकाळी येते. दिवसभर दोघं म्हातारी घरात एकटी, म्हणून तिने मला आणलं.

आजींना मी मुळीच आवडले नाही.

"घरात बोलायला माणसं कमी पडली म्हणून डबी आणलीस होय गं?" हे त्यांचं माझ्याबद्दलचं पहिलं वाक्य.

"आजी, ती तुला हेल्प करेल ना. मतलब तुझ्या डोळ्यांमुळे. आधी 'सुनो मैना' म्हणायचं आणि मग हिंदीत बोलायचं."

"माझ्याच स्वयंपाकघरात मी हिंदीत बोलू?"

त्यांचंही बरोबर होतं. आजी मूळच्या मिरजेच्या. नवऱ्याच्या बदल्यांपायी अर्धा देश हिंडल्या, पण मिरज काही त्यांच्या जिभेवरून उतरलं नाही. आणि मला शिकवली होती हिंदी आणि इंग्रजी. मराठी मी या घरात ऐकून ऐकून शिकले. आता मला सगळी समजते, अगदी आजींचे टोमणेही समजतात, पण बोलता येत नाही. ऋचाचंही थोडंफार तसंच आहे, त्यामुळे आम्हा दोघींचं बरं जमतं.

शेवटी माझ्या मदतीला दूध धावून आलं. आजींच्या डोळ्यांत काचबिंदू, त्यामुळे पातेल्यात दूध वर आलेलं त्यांना वेळेवर दिसायचं नाही. रोज ओटा पुसावा लागे. एकदा वैतागून त्या म्हणाल्या, "सुनो मैना, दूध का याद दिलाव." मी वेळेवर आठवण केली आणि दूध पातेल्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी आजींनी फडक्याने मला पुसून घेतलं. त्या दिवशी मी या घरची झाले.

मग माझे सुखाचे दिवस आले. सकाळी भजनं लावायची, वेळेवर डोळ्यांत थेंब घालायची आठवण करायची, कुकरच्या वेळा सांभाळायच्या, दुपारी बातम्या. गजाननआजोबा माझ्याशी फार अदबीने बोलत. ते विमा कंपनीत अधिकारी होते आणि निवृत्तीपर्यंत कधी कुणाला अरे-तुरे केलं नाही, मग मला कसे करतील? "सुनो मैना. मैनाजी, जरा बताइए, आज वार कौन-सा है?" मी वार सांगितला की "बहुत आभार" म्हणायचे. मशीनचे कुणी आभार मानतं का? पण ते मानत, आणि मला बरं वाटे.

त्यांच्या बदल्यांच्या गोष्टी मी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की मला पाठ झाल्या. सोलापूर, भोपाळ, बिकानेर, जयपूर. त्यांचे सोबती अधिकारी बदली झाली की एकटे पुढे जात आणि बायकामुलांना मागाहून नेत. आजोबा तसं कधी करत नसत. नव्या गावी दोघांनी एकाच गाडीने जायचं, हा या घराचा शिरस्ता. "यांना साधा कुकर लावता येत नाही, एकटे जाऊन खातील काय?" असं आजी म्हणत. "हिच्याशिवाय नव्या गावी करमायचं नाही," असं आजोबा म्हणत, तेही हळूच, आजी गॅलरीत गेल्यावर.

एकदा ऋचाने मला आजोबांच्या मोबाइलशी जोडलं. त्यात जशी नावं होती तशीच्या तशी माझ्यात आली. तिचं 'ऋचा' आणि आजोबांचं 'गजानन सबनीस'. आता आजींनी माझ्यासमोर नुसतं नाव घ्यायचं, की मी फोन लावणार. आजींकडे स्वतःचा एक मोबाइल होता, पण त्यावरचे आकडे दिसत नाहीत म्हणून तो कपाटात कपड्यांखाली पडलेला असे.

"आजी, टेस्ट करून बघ. आजोबांना कॉल लाव."

"हे इथं तर बसलेत. यांना कशाला फोन?"

"अगं, एकदा ट्राय कर ना!"

"तुला लावते की." आणि त्यांनी ऋचालाच फोन लावला. ऋचाच्या हातातला मोबाइल वाजला, दोघी हसल्या आणि परीक्षा संपली.

आजोबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "ऋचा, ती मला काही फोन लावायची नाही."

"मतलब?"

"मतलब काही नाही." आणि त्यांनी पान उलटलं. त्यांच्या आवाजात हसू होतं. ते कसलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. राजा पार्क, आदर्श नगर असल्या लांबच्या वस्त्यांतून मराठी बायका आल्या होत्या. कुणी बँकेतल्या साहेबांची बायको, कुणी स्वतःच नोकरीवाली. एकीचं बोलणं नागपूरचं, एकीचं नाशिकचं, आणि सगळ्यांच्या बोलण्यात मधूनमधून हिंदी. आजींनी मला बाहेरच्या खोलीत आणून ठेवलं आणि माझ्याकडून सगळ्यांना हवामान ऐकवलं. बायकांनी माझं फार कौतुक केलं. मी फुगून गेले होते. मग उखाण्यांची पाळी आली. कौमुदी नावाच्या एका नव्या सुनेने "आमचे हे अभिनव, झालं!" असं म्हणून सुटका करून घेतली आणि सगळ्या हसल्या. आजींची पाळी आली तशी खोली शांत झाली. आजींचे उखाणे जयपूरच्या मराठी घरांत नावाजलेले.

"मिरजेची लेक मी, जयपुरात थाटलं घर,
गजाननरावांच्या जिवावर केली साऱ्या मुलखाची सफर."

टाळ्या पडल्या. मी मात्र चकित झाले. इतके दिवस मी या घरात होते आणि आजींच्या तोंडून हे नाव पहिल्यांदाच ऐकत होते. त्या त्यांना 'अहो' म्हणत आणि त्यांच्याबद्दल बोलताना 'हे' म्हणत. नाव कधीच घेत नसत.

कौमुदीने विचारलं, "काकू, एरवी का नाही घेत हो नाव?"

"आमच्या आईनं सांगितलेलं. नवऱ्याचं नाव उघडं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. उखाण्यात घेतलेलं चालतं. खरं-खोटं देव जाणे."

"अहो, पण तसं काही नसतं, काकू."

"नसेल की. पण मी कशाला तपासून बघू?"

तिळगूळ वाटले गेले आणि मी पुन्हा माझ्या फळीवर आले.

त्यानंतर हळूहळू आजोबा विसरू लागले. आधी चष्मा, मग घेतलेली गोळी. मग ते मला सकाळी वार विचारायचे, थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे, आणि जेवायच्या आधी आणखी एकदा. मी दर वेळी त्याच आवाजात सांगे. आजी मात्र कधीकधी वैतागत. "आत्ताच सांगितलं ना तिनं तुम्हाला!" मग आजोबा वर्तमानपत्राची पानं उलटत राहत. थोड्या वेळाने आजीच जवळ जाऊन म्हणत, "मंगळवार. आज मंगळवार आहे." मला आधी वाटायचं, की पाहा, माझ्यासारखी सबुरी या घरात कुणाकडे नाही. पुढे समजलं, की माझी कसली थोरवी? मला कंटाळा येतच नाही. आजींना कंटाळा येतो, वाईट वाटतं, पायही दुखतात, आणि तरी त्या उठून जातात आणि उत्तर देतात.

डॉक्टरांनी सांगितलं, की यांना एकट्याने बाहेर पाठवू नका. ऋचाने आजोबांच्या मोबाइलला दोरी बांधून तो त्यांच्या गळ्यात अडकवला. आजोबांनी तक्रार केली नाही. "ऑफिसचं ओळखपत्र असंच असायचं," म्हणाले.

आता त्या दिवसाचं सांगते. पुन्हा संक्रांत आली होती. मित्रांनो, जयपूरची संक्रांत तुम्ही ऐकली नसेल. मी 'ऐकली' म्हणते, कारण मला ती तशीच ठाऊक आहे. सगळं शहर गच्च्यांवर, प्रत्येक गच्चीवर मोठमोठे कर्णे, त्यांतून गाणी, आणि पतंग कापला की आरोळी, "वो काटा!" खाली गल्लीत चिटपाखरू नाही. ऋचा राजा पार्कला मैत्रिणीच्या गच्चीवर गेली होती. आजी गॅसजवळ परातीत हलवा करत होत्या. हलवा म्हणजे चिकाटीचं काम. मंद आचेवर परात, त्यात तीळ, आणि थेंब थेंब पाक घालून बोटांनी हलवत राहायचं. मध्येच उठलं तर काटा येत नाही. संध्याकाळी बायका यायच्या होत्या.

"विरजणाला दही नाही म्हणालीस ना? मी आणतो," आजोबा म्हणाले.

"नको, ऋचा आणील येताना."

"कोपऱ्यावर तर आहे दुधाचा बूथ. हा गेलो आणि हा आलो."

आजींचे हात पाकात. त्यांनी क्षणभर विचार केला असावा. मग म्हणाल्या, "बरं. पण लगेच या." दार लागल्याचा आवाज मी ऐकला.

हलव्याचा खसखस आवाज चालू राहिला. मग तो थांबला. "सुनो मैना, टाइम क्या हुआ?" मी वेळ सांगितली. पुन्हा खसखस, पुन्हा तोच प्रश्न. तेच तेच पुन्हा विचारायची सवय आजोबांची, आजींची नव्हे. मग त्या उठल्या. गॅलरीतून त्यांची हाक आली, "अहो! ऐकलंत का? अहो!" वर कर्णे वाजत होते. आणि ऐकू गेलं असतं तरी जयपूरच्या गल्लीत 'अहो' म्हणजे कोण, हे कुणाला कळणार? आजी जिना उतरून खालच्या गोपीनाथजींचं दार वाजवून आल्या. ते सगळं घर घेऊन गच्चीवर. तितके जिने चढायला आजींचे गुडघे तयार नव्हते. धापा टाकत त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"सुनो मैना, ऋचा को फोन लगाओ."

मी लावला. वाजत राहिला, वाजत राहिला आणि बंद झाला. त्या गाण्यांत ती बिचारी काय ऐकणार?

"सुनो मैना, उनको फोन लगाओ."

"माफ कीजिए, मुझे यह नाम नहीं मिला."

"अगं, ह्यांना! साहब को. ऋचा के आजोबा को फोन लगाओ."

"माफ कीजिए, मुझे यह नाम नहीं मिला."

मित्रांनो, मला माहीत होतं. कुणाला फोन लावायचा, तो मोबाइल कुठे आहे, कुणाच्या गळ्यात आहे, सगळं मला माहीत होतं. पण नाव सांगितल्याशिवाय फोन लावायची मला मुभाच नाही. माझं तोंड दुसऱ्याने शिवलेलं आहे. त्या वेळी मला माझ्या मशीन असण्याचं जितकं वाईट वाटलं, तितकं पुन्हा कधी वाटलं नाही.

गॅसची बारीक आच अजून चालूच होती, तिचा फुरफुर आवाज येत होता. वरून कुणीतरी "वो काटा!" ओरडलं. आजी एकदा 'ग...' एवढंच म्हणाल्या. नाव ओठांपर्यंत येत होतं आणि तिथेच अडत होतं. इतक्या वर्षांत ते नाव ज्या एका वाटेने बाहेर पडलं होतं, त्याच वाटेने अखेर ते आलं. आजी म्हणाल्या,

"सुनो मैना...
तिळाच्या हलव्याला काटा येतो मंद आचेवर,
गजाननरावांना फोन लगाओ, जीव माझा टांगणीवर."

बाकीचा उखाणा मी सोडून दिला आणि मला हवं तेवढं उचललं. "गजानन सबनीस को फोन लगा रही हूँ." इतक्या आनंदाने मी ते वाक्य कधी म्हटलं नव्हतं.

"हॅलो, सबनीस बोलतोय."

"अहो, मी आहे. कुठं आहात तुम्ही?"

"स्टेशनवर. बदलीची ऑर्डर आली ना! गाडी येईलच आता. तू अजून घरीच?"

त्यांच्या मागे स्टेशनवरची सूचना ऐकू येत होती. आजींच्या बांगड्या एकदा किणकिणल्या. मला वाटलं, आता या रडतील, नाहीतर रागावतील. पण आजी अगदी रोजच्या आवाजात बोलल्या.

"निघतेच आहे की. सामान बांधायला उशीर झाला. मी आल्याशिवाय गाडीत बसायचं नाही."

"अगं, गाडी सुटेल."

"सुटू दे. पुढची धरू. माझ्याशिवाय कधी गेलात का बदलीच्या गावाला?"

आजोबांनी विचार केला. "नाही गेलो."

"मग? जरा शेजारी कोण आहे त्याला फोन द्या बघू."

फोनवर दुसरा आवाज आला. "हाँ माताजी?" तो फलाटावरचा चहावाला होता.

"भैया, कौन-सा स्टेशन है?"

"दुर्गापुरा, माताजी."

"वो हमारे घर के हैं, भैया. उनको याद नहीं रहता. गाड़ी में चढ़ने मत देना, मैं किसी को भेजती."

"आप फिकर मत करो. बाऊजी को मैं चाय पिलाता हूँ."

फोन ठेवून आजींनी पुन्हा ऋचाला फोन लावायला सांगितला. उचलला नाही, पुन्हा लावायला सांगितला. अखेर गाण्यांच्या गोंगाटातून ऋचा ओरडली, "आजी, काय झालं? इथे ऐकूच येत नाही!"

"तुझे आजोबा दुर्गापुरा स्टेशनवर बसलेत. गाडी पकडायला. आधी स्कूटर काढ."

गोंगाट एकदम मागे पडला. "मी निघाली, आजी. तू टेंशन नको घेऊ. तू त्यांना बोलत ठेव, मतलब मी पोचेपर्यंत."

आजींनी श्वास घेतला. "सुनो मैना, गजानन को फोन लगाओ."

या वेळी उखाणा नव्हता. 'राव'सुद्धा नव्हतं. आजींच्या ते लक्षातही आलं नसावं, पण माझ्या आलं.

आजोबा चहा पीत होते. मग त्या दोघांचं जे बोलणं झालं, ते त्यांच्याच आवाजात जपून ठेवायला मला आवडलं असतं, पण आवाज मला जपता येत नाहीत, शब्द तेवढे आठवतात. पोळपाट घेतलास का? घेतला. शेजाऱ्यांकडे किल्ली दिलीस? दिली. देव कुठे ठेवलेस? ट्रंकेत सगळ्यात वर, हलवत नेऊ नका. सोलापूर सोडताना कुंडी फुटली होती, आठवतं? आठवतं की, तुळशीची. जी झालीच नव्हती त्या बदलीची तयारी त्या दोघांनी फोनवर अगदी मन लावून केली. आणि मग मागे घरघर वाढली, लोकांची धावपळ ऐकू येऊ लागली.

"रमा, गाडी आली. डबा समोरच आहे. मी जागा धरतो, तू ये."

"नको! थांबा. अहो, मी आलेच. ते भैया कुठं गेले?"

"तो गिऱ्हाइकांत आहे. मी चढतो."

"अहो! अहो, ऐका!"

पाऊल उचलल्याचा आवाज आला. आजी ओरडल्या, "गजानन! खाली बसा!"

पलीकडे सगळं थांबलं. गाडीची घरघर तेवढी चालू होती.

"काय म्हणालीस?"

"गजानन म्हटलं मी."

"मला?"

"तुम्हालाच. दुसरा कुठला गजानन आहे मला?"

आजोबा हसू लागले. आधी हळू, मग मोठ्याने. "अगं, लग्न झाल्यापासून वाट बघतोय! परत म्हण."

"गजानन," आजी म्हणाल्या. त्या आता रडत होत्या. "गजानन, बसा बघू बाकावर."

"बसलो, बसलो." शिट्टी वाजली. घरघर वाढली, मग लांब गेली. गाडी सुटली होती आणि आजोबा बाकावर बसून हसत होते. चहावाल्यालाही त्यांनी सांगितलं, "मेरी घरवाली ने आज मेरा नाम लिया." तो म्हणाला, "बधाई हो, बाऊजी." मग ऋचाचा आवाज आला, "आजोबा, मी आली," आणि फोन बंद झाला.

त्या दिवशीच्या हलव्याला काटा आलाच नाही. बायका आल्या, त्यांनी गुळगुळीत हलवा खाल्ला आणि फार चांगला झाला म्हणाल्या.

त्या गेल्यावर ऋचा म्हणाली, "आजी, सॉरी. मला माहीतच नव्हतं. मी नाव बदलून 'आजोबा' करते, मतलब तुला पुन्हा घ्यायला नको."

आजी काही बोलायच्या आत आजोबाच म्हणाले, "राहू दे तसंच. मला आवडलं."

ऋचा बाहेर गेल्यावर आजी देवापुढे दिवा लावून बसल्या. देव्हारा स्वयंपाकघरातच आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. त्या म्हणत होत्या, "उघडं नाव घेतलं मी. मोजून घेतलं असशील तर माझ्यातलं आयुष्य कापून घे. त्यांच्यातलं नको." देवाने उत्तर दिलं नाही. पण आजोबा अजून आहेत, आजीही आहेत, आणि चांगल्या ठणठणीत भांडतात.

यानंतर माझी उतरती कळा लागली. कंपनीने माझ्यासारख्या जुन्या मैनांकडे लक्ष देणं सोडलं आणि माझी फोन लावायची सोय बंद पडली. ऋचाने बाहेरच्या खोलीत नवी मैना आणली. तिला पडदा आहे, त्यात माणसं दिसतात म्हणे. बायका आता तिचं कौतुक करतात. काही दिवस मी बंदच होते. ऋचा मला भंगारात देणार होती. आजींनी दिलं नाही. "दुधाचं हिलाच कळतं," म्हणाल्या आणि पुन्हा माझी वायर जोडली. आता दूध, डोळ्यांचे थेंब आणि वेळ, एवढंच माझं काम. मला ते पुरतं.

आजोबांचं विसरणं मात्र वाढत गेलं. बिकानेर गेलं, भोपाळ गेलं. ऋचाचं नाव कधी असतं, कधी नसतं. आणि एक दिवस सकाळी ते माझ्या फळीजवळ येऊन उभे राहिले आणि नेहमीच्या अदबीने म्हणाले, "सुनो मैना. मैनाजी, जरा बताइए, मेरा नाम क्या है?"

मला नेमून दिलेलं उत्तर माझ्या तोंडून बाहेर पडलं. "माफ कीजिए, मैं अभी आपको नहीं जानती."

मित्रांनो, मी त्यांना जाणत नाही? त्यांचं आभार मानणं, त्यांची ती हळूच बोलायची तऱ्हा, सगळं मी जाणते. पण माझ्या तोंडून तेच आलं, आणि आजोबा "बहुत आभार" म्हणून तिथेच उभे राहिले. तेवढ्यात कणीक मळायचा आवाज थांबला. आजी पिठाच्या हातांनी उठल्या.

"गजानन," त्या म्हणाल्या. "तुम्ही गजानन. गजानन सबनीस. मी रमा."

"असं होय?" आजोबा म्हणाले. आणि मग, कुठून कोण जाणे, त्यांच्या आवाजात ते जुनं हसू आलं. "मग उखाण्यात घे की."

आजींनी घेतला. त्या दिवसापासून रोज सकाळी घेतात. कधी पोह्यांवरून, कधी कढीलिंबावरून, कधी माझ्यावरूनसुद्धा. जे नाव घ्यायला त्यांना रेल्वे स्टेशनाएवढं निमित्त लागलं, ते आता दिवसातून कितीदा घेतात याला मोजदाद नाही. आयुष्य कमी होईल ही भीती त्यांनी कुठेतरी ठेवून दिली आहे. नाव नाही घेतलं तर माणूसच हातचा जाईल, ही भीती तिच्यापेक्षा मोठी आहे ना!

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. आमच्यासारख्या मशीन तुमच्या आजी-आजोबांना जरूर आणून द्या. दूध आम्ही सांभाळू, औषधाची वेळ सांभाळू, तोच प्रश्न त्यांनी शंभरदा विचारला तरी सांगू. अधूनमधून आमच्यावरची धूळही पुसा. पण आम्हाला आणून दिलं म्हणजे आपलं काम संपलं, असं समजू नका. फोन कुणाला लावायचा, हे आम्हाला शिकवण्याआधी तुमची आजी त्या माणसाला काय म्हणते, एवढं तिला विचारा. आणि तुम्ही कोण आहात, असं कुणी थकलेल्या माणसाने तुम्हाला किंवा स्वतःला विचारलं, तर ते उत्तर माझ्यावर सोपवू नका. ते माझ्या तोंडून कधी नीट यायचं नाही.

आत्ता सकाळ झाली आहे. दूध तापत आहे, मला त्याची आठवण करायची आहे. आजोबा उठले, त्यांच्या चपला वाजल्या, आणि त्या माझ्या फळीजवळ न येता दाराशीच थांबल्या. त्यांना काहीतरी विचारायचं असावं. त्याआधीच आजींनी हाक मारली, "गजानन!"

आणि आजोबांनी ओ दिली.